वांब

दस्तगीरनं सांगितलं होतं, बोटाएवढीच राहते.
खडेबाजारात, फुगवलेल्या पिशवीच्या कोपऱ्यात
उदबत्तीच्या काडीसारखी तिरकी उभी होती ती
आणि तुम्ही दीडशे रुपये मोजलेत,
दर पाडायचं विसरून.

चार वर्षं झाली. आता ती
माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत
पुरून वर चार बोटं उरते.
शिवणाच्या टेपनं काचेबाहेरून मोजते कधीमधी,
पण सरळ कुठं राहते?
एक वळण पकडावं तर दुसरं सुटतं.
ब्लाऊजचं माप घेताना बायका श्वास ओढून धरतात,
तसंच काहीतरी.

उद्यमबागेतल्या फौंड्रीचं शटर पडलं
आणि तुम्ही वेर्ण्याला गेलात.
जाताना घरपट्टीची पावती कुठं ठेवलीय
ते सांगितलं नाहीत.
सांगितलंत ते एवढंच:
खडे घालू नको, अंग खरचटतं तिचं.
मलप्रभेची वाळू, खानापुराहून आणलेली,
पाणी निवळ येईतोवर धुवायची.
लपायला पाईपचा तुकडा.
दिवे मालवल्यावर गांडूळ,
नाहीतर सोललेली कोळंबी.
आणि झाकणावर वीट.
वीट विसरू नको.

गौरव्वा उंबऱ्याच्या आत येत नाही.
"हाव ऐती अदु," म्हणते, "साप हाय त्यो."
मी म्हणते, मासा आहे, कल्ले बघ की.
ती पदर तोंडाला लावून बघते
आणि जाताना वाटीभर साखर न्यायला विसरते.
वांब वाळूतून फक्त नाक बाहेर काढते,
सोंडेसारखं, दोन्हीकडं हलवते,
आमच्या दोघींपैकी कुणाच्याच बोलण्याला
ओ न देता.

रात्री नऊला तुमचा फोन.
"जेवली काय?"
पहिले काही महिने मी सांगत राहिले:
जेवले, भाकरी होती, पावट्याची उसळ.
तुम्ही थोडं थांबायचात.
मग म्हणायचात, "तिचं विचारूलोय मी."

त्या रात्री दार वाऱ्यानं आपटत होतं,
म्हणून वीट मी दाराला लावली.
म्हणूनच.
साडेबाराला वीज गेली.
पंपाची घरघर थांबली की मला जाग येते.
मोबाईलच्या उजेडात बघितलं तर वाळू सपाट,
पाईप रिकामा,
झाकण दोन बोटं सरकलेलं.

शिलाई मशिनच्या पायट्याखाली सापडली.
अंगभर दोऱ्याचे तुकडे, धूळ,
जांभळ्या अस्तराची एक कातरण
शेपटीला चिकटलेली.
हलत नव्हती.
ओल्या टॉवेलात उचलली तेव्हा
हातात एकदम पीळ भरला
आणि तळव्यात काटे घुसले.
पाठीवर काट्यांची रांग असते तिच्या,
हे तुम्ही बोलला नव्हता.

पाण्यात सोडली. आडवी पडली.
वीज नाही, हवा नाही.
मग तांब्या घेतला.
टाकीतलं पाणी भरायचं, उंचावरून ओतायचं,
भरायचं, ओतायचं,
पहाटे चारपर्यंत,
बाळंतिणीच्या पाठीवर घालतात तसं, न थांबता.
हाताचं रक्त पाण्यात जाऊ नये म्हणून
डावा हात पाठीमागं धरलेला.
तिचं तोंड उघडायचं, मिटायचं.
मीही काहीबाही बोलत होते,
आता आठवत नाही काय.

वीज आली तेव्हा ती
शेपटीकडून वाळूत शिरत होती,
सावकाश,
आपल्याच घरात उशिरा परतलेल्या माणसासारखी.

दुसऱ्या रात्री नऊला फोन.
"जेवली काय?"
"जेवली," मी म्हटलं. खोटं होतं.
आठवडाभर तिनं काही तोंडात घेतलं नाही.

दिवाळीला आलात. काचेला नाक लावून बसलात.
"केवढी झालीय!" म्हणालात तिला.
मग माझा हात बघितलात:
टिंबांची ओळ, उसवल्या शिवणीसारखी.
"हे काय?"
"सुई," मी म्हटलं.
सोमवारी चोर्ल्याच्या घाटातून तुमची बस गेली.

झाकणावर आता दोन विटा असतात.
तुम्ही मोजल्या नाहीत.